आमच्या आळीचें घड्याळ

आपण ज्या गांवांत वाढलों त्या गांवाविषयीं लिहावयास बसलें म्हणजे मनुष्याची मोठी पंचाईत होते. परक्या गांवीं गेलें असतां डोळे उघडे असतात. स्वतःच्या गांवांत ते अर्धवट मिटलेले असतात. या अंकासाठीं कांहींतरी लिहून द्या, अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हां विषयाच्या शोधांत आमचें मन काशी-काश्मीरपर्यंत भटकून आलें. परंतु अखेर लेखणी थांबली ती आमच्या अलिबागेंतील, समुद्रापासून दोन मिनिटांच्या वाटेवरील, आमच्याच आळीपाशीं. वाचकांनीं आमच्याबरोबर घटकाभर या आळींतून फिरावें, आणि तेथें आमच्यावर एकदां जो प्रसंग गुदरला तो ऐकावा, एवढीच विनंति आहे.

आळी फार मोठी नाहीं. एका टोंकाला रस्ता व दुकानें, दुसऱ्या टोंकाला सुरूचीं झाडें, आणि त्यांच्या पलीकडे पुळण. मधल्या जागेंत कौलारू घरें, नारळी-पोफळीच्या वाड्या, दोन विहिरी आणि एक पार. खिडक्यांच्या गजांना खारा वारा लागून गंज चढतो. सायकलीची साखळी दर पंधरवड्यास तेल मागते. आणि कितीहि झाडलें तरी घरांत वाळू ही असतेच. "समुद्र रोज रात्रीं येतो आणि थोडा आपल्या घरीं राहून जातो," असें आमची आई केरसुणी हातांत घेऊन म्हणत असे. पावसाळा संपला कीं पुळणीवर जवळा व बोंबील वाळूं लागतात. त्यांचा वास मुंबईच्या पाहुण्यांना सोसत नाहीं. आम्हांला मात्र तो आला नाहीं तर कांहींतरी चुकल्यासारखें वाटतें. पुढें उन्हाळा आला म्हणजे दारोदार पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. दुपारीं पारावर जाळीं दुरुस्त करणारे हात आणि गप्पा मारणारीं तोंडें हीं दोन्ही सारख्याच वेगानें चालतात.

या लहानशा गांवांत किती तऱ्हेचे लोक एकमेकांशेजारीं राहिले! दर्यावर सत्ता गाजविणारे कान्होजी आंग्रे १७२९ सालीं निवर्तले; त्यांची समाधि येथेंच आहे. इस्रायल आळींत बेने इस्रायल मंडळींचें सभागृह आहे. ही मंडळी पूर्वीं कोंकणांत तेल गाळीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' असें नांव पडलें. १९४८ सालानंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबें इस्रायलांत गेलीं, तरी आळीचें नांव तेंच राहिलें. आणि आमच्याच किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईस विजेच्या ट्रामगाड्या सुरू व्हावयाच्या होत्या, त्यांच्या योगानें तेथील नाजूक चुंबकसूचींना व्यत्यय येईल, म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस आणलें. तेथील वेधगृह बांधतांना लोखंड कटाक्षानें टाळलें आहे. पृथ्वीची अदृश्य ओढ मोजणारे विद्वान् एका बाजूस, आणि समुद्राची दृश्य ओढ ओळखणारे कोळी दुसऱ्या बाजूस, अशा मध्यें आमचें बालपण गेलें. विद्वानांचा आम्हांला अभिमान होता. कोळ्यांकडे पाहावयास मात्र आम्हांला सवड नव्हती.

आमच्या आळीला दोन घड्याळें होतीं असें म्हटलें तरी चालेल. एक शाळेच्या घंटेचें. ती वाजली कीं आम्ही धांवत सुटत असूं. दुसरें भरती-ओहोटीचें. घंटा रोज त्याच वेळीं वाजते. भरती मात्र आज जेव्हां आली त्याहून उद्यां सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. कोळीवाड्यांतील चूल, झोंप, बाजार, जेवण हें सारें या दुसऱ्या घड्याळावर चाले. आमच्या बालबुद्धीला पहिलें घड्याळ सुधारलेल्या लोकांचें व दुसरें अडाण्यांचें वाटे. ही समजूत कशी मोडली तेंच आतां सांगावयाचें आहे.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही त्या वेळीं आठव्या इयत्तेंत होतों. कार्तिकी पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते आणि दिवस रविवारचा होता. आम्ही व आमचे दोघे सोबती, असे तिघांनीं घरीं न सांगतां कुलाबा किल्ल्यावर जाण्याचा बेत केला. किल्ला आमच्या पुळणीसमोर समुद्रांत उभा आहे. ओहोटीला चालत जातां येतें, आणि भरतीला तो चहूंकडून पाण्यानें वेढला जातो. आमच्या सोबत्यांपैकीं एक गणितांत वर्गांत पहिला. त्याच्या मनगटावर त्याच्या मामानें दिलेलें नवें घड्याळ. दुसरा अंगानें लहानखुरा, आणि त्याला पोहतां येत नव्हतें.

साडेसातास आम्ही पुळणीवर उतरलों. पहाटे आलेल्या होड्यांतील मासळीचे वांटे चालले होते. आमच्या आळीच्या तोंडाशीं राहणारी एक कोळीण तेथें पाटी भरीत होती. तिला सारी आळी मावशी म्हणे, म्हणून आम्हीहि म्हणत असूं. तिनें मान वर न करतांच विचारलें, "किल्ल्यावं चाललाव?" आम्हीं हो म्हटलें. "आज तीज हाय. सव्वादोनाला भरती. साडेनवाच्या आत मागारी या."

तिच्याजवळ घड्याळ नव्हतें आणि अक्षरओळख नव्हती. सव्वादोन हा आंकडा तिनें कोठून काढला, असें आमच्या गणितज्ञ मित्रानें हंसत हंसत विचारलें. ती म्हणाली, "तिथीची पाऊणपट." आम्हीं एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावले आणि चालूं लागलों.

घोट्याइतक्या पाण्यांतून आम्ही किल्ल्यांत पोंचलों. किल्ल्याचें काम शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं सुरू केलें व संभाजी महाराजांच्या वेळीं तें पुरें झालें, हें आम्हांला पाठ होतें. पण तटाचे ते प्रचंड दगड चुन्यावांचून नुसते एकावर एक रचलेले आहेत व लाटांचा जोर फटींतून जिरून जातो, हें त्या दिवशीं प्रथम नीट पाहिलें. राघोजी आंग्र्यांनीं १७५९ सालीं बांधलेलें सिद्धिविनायकाचें मंदिर, भर समुद्रांत असूनहि गोड पाण्याचें तळें, चाकांच्या गाड्यांवरील दोन तोफा, हें सर्व पाहण्यांत सव्वानऊ कधीं झाले तें समजलें नाहीं. दरवाजाशीं येऊन पाहतों तों एका खडकावर पाणी तासाभरांत जेमतेम वीतभर चढलें होतें.

आमच्या मित्रानें लगेच त्रैराशिक मांडलें. एका तासास एक वीत, तर तीन तासांस किती? तीन विती. म्हणजे सव्वाअकरापर्यंत पाणी फार तर मांडीला लागेल. मग साडेनवालाच पळण्याचें कारण काय? गणित बिनचूक होतें. आम्हीं निश्चिंतपणें तटावर बसून बरोबर आणलेले चुरमुरे व गूळ खाल्ला, आणि अकरा वाजतां परत निघालों.

पहिल्या खडकांशीं पाणी गुडघ्यापर्यंत होतें. शंभर पावलांवर तें कमरेला लागलें. मागें वळून पाहिलें तों ज्या खडकावर आम्हीं वीत मोजली होती तो दिसेनासा झाला होता. पाणी नुसतें वर चढत नव्हतें. तें आडवें ओढीत होतें, आणि पायाखालची वाळू पाऊल टेकतांच निसटत होती. लवकरच तें आमच्या छातीला लागलें व लहानग्या सोबत्याच्या हनुवटीला. आम्हीं दोघांनीं त्याला दोन बाजूंनीं धरलें. गणितज्ञ मित्रानें घड्याळाचा हात उंच डोक्यावर धरला होता. आज त्या दृश्याचें हंसूं येतें. त्या वेळीं तिघांपैकीं कोणाच्याहि तोंडून शब्द फुटत नव्हता. पुढें जाववेना आणि मागें फिरण्यांत अर्थ उरला नव्हता.

इतक्यांत एक होडकें आमच्या रोखानें येतांना दिसलें. वल्हविणारा मावशीचा मुलगा होता. रात्रभर समुद्रावर जागून तो नुकताच झोंपला होता, हें त्याच्या तांबारलेल्या डोळ्यांवरून दिसत होतें. तो रागावला नाहीं, कीं त्यानें कांहीं विचारलें नाहीं. "बसा," एवढेंच म्हणाला.

मागाहून कळलें तें असें. मावशी पाटी घेऊन बाजारांत गेली होती. साडेनऊ वाजून गेल्यावर पुळणीकडून येणाऱ्या प्रत्येकास ती विचारूं लागली, "तीन पोरं आली का मागारी?" कोणीं पाहिलीं नव्हतीं. रविवार म्हणजे तिचा विक्रीचा मोठा दिवस. तरी अर्धी भरलेली पाटी शेजारणीच्या भरंवशावर टाकून ती घरीं आली, मुलाला उठविलें आणि होडकें पाण्यांत लोटावयास स्वतः हात लावला. आम्ही परत येईपर्यंत ती पुळणीवरून हलली नाहीं. पाटींतील मासळी उन्हानें फुकट गेली, कांहीं कावळ्यांनीं नेली.

त्या संध्याकाळीं घरीं काय झालें तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. पालकवर्गाला तें न सांगतां समजेल. दिवेलागणीनंतर वडील आम्हांला घेऊन मावशीच्या दारीं गेले. "मासळीचें किती नुकसान झालें?" असें त्यांनीं विचारलें. तिनें आंकडा सांगितला. वडिलांनीं त्याहून अधिक पैसे पुढें केले. तिनें ते मोजले, सांगितले तेवढे ठेवून घेतले, आणि बाकीचे परत दिले. आमच्या मनाला तें थोडें खटकलें. गोष्टींच्या पुस्तकांतील उपकारकर्ते पैशाला स्पर्श करीत नसत, आणि ही तर मोजून घेत होती! पुष्कळ वर्षांनीं आमच्या ध्यानीं आलें कीं, तिनें आपल्या घामाची किंमत कमी केली नाहीं व आमच्या जिवाची किंमत लाविली नाहीं. हिशेबाची वस्तु कोणती आणि हिशेबाबाहेरची कोणती, हें तिला आमच्याहून फार चांगलें समजत होतें.

निघतांना ती आम्हांला म्हणाली, "उद्या शाळेला जाताना माझ्या दारावरनं जा."

दुसऱ्या दिवशीं आम्ही खालीं मान घालून गेलों. तिनें विचारलें, "आज तिथी कंची?" आम्ही गप्प. "आज चौथ. चाराची पाऊणपट किती?" आम्हीं म्हटलें, "तीन." "मग तीनाला भरती. जा शाळेला."

त्याच दिवशीं आम्हीं गणिताच्या मास्तरांना हा सर्व प्रकार सांगितला. ते हंसतील अशी आमची कल्पना होती. परंतु त्यांनीं खडू घेतला आणि फळ्यावर मावशीचा नियम सबंध वर्गासाठीं मांडला. पौर्णिमा-अमावास्येची तिथि पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशीं आमच्या किनाऱ्यास भरती या सुमारास येते. अष्टमीस सहाला. ओहोटी त्याच्या आगेंमागें सहा तासांनीं. चंद्र रोज थोडा मागें सरतो, त्याच्यामागून भरती सरते. म्हणून जो तिथि जाणतो तो भरती जाणतो. मावशीच्या हिशेबांत प्रत्येक तिथीस पंचेचाळीस मिनिटें पडतात, खरा फरक याहून किंचित् अधिक आहे; तेव्हां अर्ध्यापाऊण तासाची चूक पोटांत घालावी. "पण," मास्तर म्हणाले, "जो नियम पाटी-पेन्सिलीशिवाय पिढ्यान् पिढ्या माणसें घरीं परत आणतो, त्याला कमी लेखूं नका."

मग ते आमच्या मित्राच्या त्रैराशिकाकडे वळले. त्यांनीं फळ्यावर सहा आंकडे लिहिले: १, २, ३, ३, २, १. भरतीचें पाणी सहा तास चढतें. त्या सबंध चढाचे बारा वांटे केले तर पहिल्या तासांत एकच वांटा चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत व चौथ्यांत तीन-तीन, आणि पुढें पुन्हां दोन व एक. आम्हीं पहिल्या तासाची एक वीत धरून तिची तिप्पट केली होती. खरोखर एक, दोन आणि तीन मिळून सहा विती व्हावयाच्या होत्या. "त्रैराशिक खोटें नाहीं," ते म्हणाले, "तें लावण्याची जागा चुकली. समुद्र प्रथम सावकाश येतो, आणि त्याच्या त्या सावकाशपणावर जो विसंबतो तो फसतो." आमचा मित्र पुढें इंजिनियर झाला, अजून भेट झाली कीं तो त्या सहा आंकड्यांची आठवण काढतो.

तेव्हांपासून मावशीचा प्रश्न हा आमच्या रोजच्या जीवनाचा भाग झाला. सकाळीं दप्तर घेऊन तिच्या दारावरून जावें, तिनें मासळी निवडतां निवडतां "आज किती?" म्हणून विचारावें, आम्हीं आंकडा सांगावा, आणि बरोबर असेल तर तिनें नुसती मान हालवावी. शालान्त परीक्षेपर्यंत हा क्रम चालला. त्या परीक्षेत आम्हांला गणितांत किती गुण मिळाले तें आज आठवत नाहीं; पण तिनें किती वेळां मान हालविली नाहीं तें आठवतें.

पुढें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं आम्ही मुंबईस राहिलों. सुटींत येतांना मांडव्यास लाँचीवरून उतरावें, घरीं यावें, दोन दिवस राहावें, परत जावें. मावशीच्या दारावरून जाणें होई, पण थांबणें होत नसे. ती वारली ही बातमी आईच्या पत्रांत शेवटच्या ओळींत आली, नारळाच्या भावाच्या खालीं. आम्हीं तिचे आभार असे कधीं मानलेच नव्हते. आमच्या आळींत आभार मानण्याची चाल नव्हती हें खरें. पण ती चाल पाडावयास आम्हांला कोणीं अडविलें नव्हतें.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां आम्ही गांवींच होतों. त्या दिवशींची भरती सकाळीं होऊन गेली होती. वारा माजला तो दुपारीं, पाणी ओसरत असतांना. तसें नसतें तर समुद्र आळींत कोठवर आला असता याचा विचार आजहि करवत नाहीं. तरी वाऱ्यानें जें केलें तें थोडें नव्हतें. आजोबांनीं लाविलेल्या पोफळी कडाकड मोडल्या, माड उन्मळून पडले, घरांचे पत्रे व कौलें उडालीं. संध्याकाळीं आळीचा रस्ता कोठें आहे तेंच कळेना. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाहीं, आणि तिच्यामागोमाग खिशांतील फोनहि मुके झाले.

दोन दिवसांनीं वटपौर्णिमा होती. किनाऱ्यावरील होड्या एकमेकींवर आदळून अस्ताव्यस्त पडल्या होत्या. जाळीं वाळूंत रुतलीं होतीं. पुनवेचें उधाण येण्यापूर्वीं तीं सर्व वर ओढणें भाग होतें. किती वेळ हातांत आहे? तरुण मंडळी संवयीनें फोन काढीत आणि काळी कांच पाहून परत खिशांत टाकीत. तेवढ्यांत मावशीची नात पुढें झाली. कॉलेजांत शिकणारी ती मुलगी एका दमांत म्हणाली, "पुनवेचे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अकराच्या आधीं सगळं वर घ्यायला पाहिजे." मग आमच्याकडे वळून तिनें विचारलें, "बरोबर ना, काका?"

आम्हांला बोलतां येईना. आम्हीं नुसती मान हालविली.

दोऱ्या बांधल्या गेल्या. कोळी, माळी, ब्राह्मण, मुसलमान, शिक्षक, दुकानदार, जो ज्याच्या हातीं लागेल त्या दोरीला लागला. शेवटची होडी सुरूंच्या झाडांशीं आली तेव्हां पाणी तिच्या मागोमाग होतें. साडेअकराच्या पुढेंमागें तें चढावयाचें थांबलें. मावशीच्या नियमांत जेवढी चूक मास्तरांनीं सांगितली होती, तेवढीच निघाली!

आतां आळी बरीच बदलली आहे. २०२० सालापासून मुंबईची मोटारसुद्धां बोटींत बसून मांडव्यास उतरते. शनिवार-रविवार पुळणीवर घोडागाड्यांची व पाहुण्यांची दाटी असते. वादळांत गेलेल्या वाड्यांत नवीं रोपें लागलीं आहेत, पण पोफळीला सावकाश वाढण्याची संवय असते. भरतीची वेळ आज फोनवर मिनिटासकट कळते. ती मावशीच्या आंकड्याहून अधिक अचूक असते, आणि मुलांनीं ती अवश्य पाहावी. तरीहि किल्ल्यावरून परतण्यास उशीर करणारे पाहुणे आम्ही आजहि पाहतों. त्यांना वेळ ठाऊक नसते असें नाहीं. त्यांच्या परत येण्याकडे डोळे लावून कोणी बसलेलें नसतें, एवढेंच.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांना एकच सांगावेंसें वाटतें. शाळेंत शिकाल तें मन लावून शिका. आमच्या मास्तरांचे ते सहा आंकडे आम्हांला जन्मभर पुरले. पण शाळेच्या वाटेवर जें दार रोज लागतें तेथेंहि थोडें थांबत जा. तेथें कोणी तुम्हांला "आज किती?" म्हणून विचारीत असेल, तर नीट उत्तर द्या, आणि तें माणूस आहे तोंवरच, चाल असो वा नसो, त्याचे आभार माना. आम्हांस तें जमलें नाहीं. हा लेख मावशीला वाचतां आला नसता; पण तिची नात तो वाचील, आणि आमची चूक झाली असेल तर मान हालविणार नाहीं.